नेट गेलं, वीज गेली, माणसं अडकली: अस्थिर देशातलं आउटसोर्सिंग चालू कसं ठेवायचं

१८ जुलै २०२४ ला रात्री, विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलेलं असताना, बांगलादेशचं ब्रॉडबँड बंद पडलं. मोबाइल डेटा त्याआधीच गेला होता. पुढचे पाच दिवस जवळजवळ अख्खा देश इंटरनेटवरून गायब होता. ब्रॉडबँड २३ तारखेपासून हळूहळू परत आलं, मोबाइल डेटा यायला २८ तारीख उजाडली. ढाक्यातल्या कॉल सेंटर आणि सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी बऱ्याच जणांकडे जनरेटर होते, दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन होत्या. त्यांचा उपयोग झाला नाही, कारण दोन्ही लाइन शेवटी त्याच मोजक्या आंतरराष्ट्रीय गेटवेमधून बाहेर जातात आणि बंद झालं ते नेमकं तिथेच.

युक्रेनमध्ये याच्या उलट घडलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं आक्रमण झालं, माणसं विखुरली, पुढे हिवाळ्यात वीजही गेली, पण नेट बऱ्यापैकी टिकलं. देशाची आयटी निर्यात २०२१ मध्ये ६.९ अब्ज डॉलरच्या घरात होती, ती युद्धाच्या पहिल्याच वर्षी ७.३ अब्जांच्या आसपास पोचली.

दोन्हीकडे राजकीय संकटच होतं, पण हातातून सुटलेली गोष्ट वेगळी होती. ढाक्यात किंवा कोलंबोत तुमची टीम असेल, किंवा पुण्यात बसून तुम्ही तिथल्या कंपनीला काम देत असाल, तर पुढची मांडणी तुमच्यासाठी आहे.

पायरी १: घटना सोडा, ‘काय नसेल’ ते लिहा

बहुतेक बीसीपी (संकटात काम चालू ठेवायची योजना) फायलींत ‘युद्ध’, ‘दंगल’, ‘सत्तापालट’ अशी प्रकरणं असतात. ती वाचायला भारदस्त वाटतात आणि वेळ आली की कुणी उघडत नाही. कारण पहिल्या दिवशी ही दंगल आहे की सत्तापालट, हे कुणालाच माहीत नसतं. कळत असतं ते एवढंच की नेट नाही, किंवा निम्मे लोक आले नाहीत.

म्हणून योजना पाच प्रश्नांवर बांधा. पाच दिवस नेट नसेल तर? रोज बारा तास वीज नसेल तर? चाळीस टक्के माणसं कामावर नसतील तर? बँकेतून पैसे निघत नसतील तर? सरकारने अचानक काही करायला मनाई केली तर? प्रत्येकाला एक पान पुरे. दोन गोष्टी एकदम गेल्या तर दोन पानं काढायची.

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. ४ सप्टेंबर २०२५ ला नेपाळ सरकारने २६ समाजमाध्यमं आणि मेसेजिंग ॲप्सवर बंदी घातली. त्यांत व्हॉट्सॲप आणि सिग्नलही होतं. चारच दिवसांनी, ८ तारखेला, काठमांडूत निदर्शकांवर गोळीबार झाला आणि ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. ज्यांचा सगळा आपत्कालीन संपर्क एका व्हॉट्सॲप ग्रुपवर होता, त्यांनी अशा आठवड्यात काय करायचं? नेट होतं, पण ग्रुप नव्हता.

पायरी २: कोणतं काम थांबू शकतं ते क्लायंटकडून लिहून घ्या

‘सगळंच महत्त्वाचं आहे’ असं प्रत्येक क्लायंट म्हणतो. त्याला तसं विचारूच नका. ‘हे काम चार तास थांबलं तर तुमचं काय अडेल? दोन दिवस थांबलं तर? दहा दिवस?’ असं विचारा. पगारपत्रकाचं काम महिन्याचे पंचवीस दिवस थांबू शकतं आणि उरलेले पाच अजिबात नाही. रात्रीचा सपोर्ट तासभरही थांबत नाही. नव्या फीचरचं डेव्हलपमेंट दोन आठवडे मागे पडलं तरी आकाश कोसळत नाही.

जे अजिबात थांबू शकत नाही तो पहिला गट. अशी विभागणी झाली की कळतं, टीममधल्या फक्त काही जणांच्या कामाला देशाबाहेर जोडीदार हवा. सगळ्यांसाठी दुहेरी व्यवस्था उभी करायला निघालात तर खर्चाचा आकडा बघून मालक फाइल मिटवून ठेवेल, आणि त्याचं चूक नसेल.

बाहेरचा जोडीदार निवडताना नकाशा नीट बघा. बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीनंतर तीनेक दिवस नेट बंद होतं आणि धरपकड सुरू झाली. तिथल्या आयटी कंपन्यांनी माणसं बाहेर हलवली: कुणी विल्नियसला, कुणी वॉर्साला, तर कुणी युक्रेनच्या कीव्हला. कीव्हला गेलेल्यांना दीड वर्षात पुन्हा गाठोडं बांधावं लागलं. जवळचं, स्वस्त आणि भाषेला सोयीचं शहर बऱ्याचदा त्याच संकटाच्या टापूत असतं.

पायरी ३: खुणा आणि निर्णयाचा अधिकार

संकट अचानक आलं असं नंतर सगळे म्हणतात, पण बऱ्याच वेळा खुणा उघड्यावर पडलेल्या असतात. १२ फेब्रुवारी २०२२ ला केएलएम या विमान कंपनीने युक्रेनची विमानं थांबवली. १४ तारखेला अमेरिकेने कीव्हमधलं दूतावासाचं काम लव्हीवला हलवत असल्याचं जाहीर केलं. विमान कंपनी आणि विमा कंपनी भावनेवर चालत नाहीत. त्यांनी हात काढला की वर्तमानपत्रातल्या तज्ज्ञांपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा.

तुमच्या देशापुरत्या चार-पाच खुणा ठरवा आणि प्रत्येकीपुढे एकच कृती लिहा. ढाक्याच्या अनुभवावरून माझी यादी अशी असेल: मोबाइल डेटा गेला की ब्रॉडबँडही जाणार असं धरायचं. मिळालेल्या काही तासांत सगळा कोड मुख्य रिपॉझिटरीत ढकलायचा, उघड्या तिकिटांवर (अपुऱ्या कामांच्या नोंदींवर) ‘कुठपर्यंत आलंय’ ते लिहायचं, बाहेरच्या टीमला हँडओव्हर द्यायचा. ब्रॉडबँड शाबूत राहिलं तर नुकसान अर्ध्या दिवसाचं.

आता या लेखातला माझ्या मते सर्वांत कामाचा नियम. नेट बंद असताना रॉयटर्ससारख्या वृत्तसंस्थांनाही परदेशातून बांगलादेशात फोन लागत नव्हते. मग पुण्यातला डिलिव्हरी मॅनेजर ढाक्याच्या मॅनेजरकडून ‘काम घेऊ का?’ अशी परवानगी कशी मागणार? म्हणून परवानगी आधीच देऊन ठेवायची. ढाक्याची टीम दर तासाला एक ठरलेला संदेश पाठवेल. सलग दोन संदेश आले नाहीत की बाहेरची टीम कुणालाही न विचारता पहिल्या गटातलं काम हातात घेईल. त्यासाठी लागणारे पासवर्ड, प्रवेशाचे हक्क आणि क्लायंटची लेखी संमती त्यांच्याकडे आधीपासून असेल. उगाच काम घेतलं गेलं तर कुणालाही बोल लावला जाणार नाही, हेही त्याच कागदावर लिहा. नाहीतर माणसं वाट बघत बसतात.

पायरी ४: नेट आणि वीज

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो.

१० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनच्या वीजयंत्रणेवर क्षेपणास्त्रांचा मारा सुरू केला. शहरांत पाळीपाळीने वीज जाऊ लागली. मोठ्या कंपन्यांनी कार्यालयात डिझेल जनरेटर आणि स्टारलिंक (उपग्रहावरचं नेट) बसवलं; ऑफिस म्हणजे काम करायची, फोन चार्ज करायची आणि ऊब मिळायची जागा झाली. पण मोठा फरक पडला तो घरातल्या एका साध्या गोष्टीमुळे. ज्यांच्या घरापर्यंत जीपॉन प्रकारचं फायबर होतं, त्यांचं नेट वीज गेल्यावरही चालत राहिलं. या प्रकारात एक्स्चेंज (नेट कंपनीचं केंद्र) ते घर यांच्या मध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. एक्स्चेंजला जनरेटर असला आणि घरच्या राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस किंवा योग्य वायर लावलेली पॉवर बँक असली की काम भागतं. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या मात्र काही तासांत बसतात, आणि तेव्हाच सगळं शहर त्याच टॉवरवर तुटून पडलेलं असतं.

त्यामुळे कर्मचाऱ्यांना ‘नेट आहे का?’ असं विचारून भागत नाही. विचारायचं ते असं: फायबर थेट तुमच्या घरात येतं, की इमारतीच्या जिन्यातल्या डब्यापर्यंत येऊन पुढे तांब्याची केबल आहे? तसं असेल तर त्या डब्यातल्या स्विचला वीज लागते. इमारतीची वीज गेली की तुमचा यूपीएस असून नसल्यासारखा. हे सर्वेक्षण एका आठवड्यात होतं आणि त्यावरून कुणाला छोटा यूपीएस द्यायचा, कुणाला ऑफिसात बोलवायचं, ते ठरतं. जनरेटरच्या किमतीपुढे हा खर्च चिल्लर आहे.

जनरेटरबद्दल श्रीलंकेकडून शिका. मार्च २०२२ च्या शेवटी तिथे दिवसाला तेरा तासांपर्यंत वीज जात होती आणि त्याच वेळी डिझेलही मिळत नव्हतं. जनरेटर किती केव्हीएचा आहे हे फाइलमध्ये असतं. टाकी भरलेली असताना तो किती तास चालतो आणि पुढचं डिझेल कोण देणार, हे नसतं. पुरवठादाराशी लेखी करार करा, साठवणुकीचे स्थानिक नियम पाळा, आणि रोजच्या चार-पाच तासांपुरतं तरी बॅटरीवर भागेल असं बघा.

ढाक्यात आणखी एक गंमत झाली, तिथल्या लोकांना अर्थातच ती गंमत वाटली नसेल. घरांना प्रीपेड वीजमीटर, आणि रिचार्ज मोबाइलवरून. नेट बंद म्हणून रिचार्ज बंद, म्हणून कित्येकांची वीजही गेली. वीज कार्यालयांसमोर रांगा लागल्या. तुमच्या टीमच्या शहरात प्रीपेड मीटर असतील तर महिन्याभराची शिल्लक कायम ठेवायला सांगा. हवं तर कंपनीने ती रक्कम द्यावी.

सरकारनेच गेटवे बंद केले तर मात्र देशात राहून फारसा उपाय नाही. त्या दिवसांसाठी दोनच गोष्टी: पहिल्या गटातलं काम बाहेर गेलेलं असणं, आणि बाकीच्यांकडे नेटशिवाय करण्याजोगं काम असणं. कोडची स्थानिक प्रत, टेस्ट डेटा, कागदपत्रं लॅपटॉपवर असतील तर डेव्हलपर तीन दिवस सहज काम करू शकतो. सगळं व्हर्च्युअल डेस्कटॉपवर (नेटवरून दूरच्या सर्व्हरवर चालणारा संगणक) ठेवणाऱ्या कंपन्यांना ही सोय नसते. सुरक्षिततेसाठी ते बरोबरही असेल, पण मग त्या दिवसांचा पगार बसून द्यायची तयारी ठेवा.

उपग्रहावरचं नेट कायदेशीर असेल तिथेच वापरा. बांगलादेशात स्टारलिंक मे २०२५ मध्ये सुरू झालं. जुलै २०२४ मध्ये तो पर्याय नव्हताच. भारतात तर परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं हाच गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यावरून ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. टीमला मदत म्हणून बॅगेतून असं यंत्र पाठवलंत तर त्यांनाच अडकवाल.

डेटाचं एका परिच्छेदात सांगतो. १७ फेब्रुवारी २०२२ ला, आक्रमणाच्या आठवडाभर आधी, युक्रेनच्या संसदेने सरकारी डेटा क्लाउडवर ठेवायला परवानगी देणारा कायदा केला. त्यानंतर देशातली सर्वांत मोठी बँक, प्रिव्हॅटबँक, दीड महिन्याच्या आत आपली यंत्रणा देशाबाहेरच्या क्लाउडवर घेऊन गेली. तुमचा सर्व्हर अजून तिथल्या ऑफिसच्या मागच्या खोलीत असेल तर हा लेख नंतर वाचा, आधी तो हलवा. लॅपटॉपच्या डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या असाव्यात आणि त्या दूरवरून पुसता याव्यात.

पायरी ५: माणसं

युक्रेनमध्ये लष्करी कायदा लागू होताच १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. ‘गरज पडली तर टीम पोलंडला हलवू’ असं लिहिलेल्या योजना त्या दिवशी निम्म्या फाटल्या. पुरुष पश्चिमेकडच्या लव्हीव, इव्हानो-फ्रँकिव्हस्क, उझहोरोद अशा शहरांत गेले. तिथली भाडी चढली, एकेका फ्लॅटमध्ये दोन-दोन कुटुंबं राहिली. ज्या कंपन्यांनी जानेवारीतच तिथे जागा घेऊन ठेवल्या होत्या, त्या पुढे राहिल्या. पुढे सरकारने निकषांत बसणाऱ्या कंपन्यांच्या काही कर्मचाऱ्यांना सैन्यभरतीतून सवलत देण्याची पद्धत आणली. पण तेवढ्या भरवशावर टीमची आखणी करता येत नाही.

स्थलांतराची यादी कर्मचाऱ्यांची नको, कुटुंबांची करा. माणूस एकटा निघत नाही. त्याची आई गाव सोडायला तयार नसते, मूल दहावीला असतं, घरात आजारी आजोबा असतात, कुत्रा असतो. हे शांततेच्या काळात विचारा, गुप्त ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. ‘मी हलणार नाही’ हेही वैध उत्तर आहे आणि त्याबद्दल कुणाच्या मूल्यमापनात खुट्ट होता कामा नये.

प्रत्येकाच्या पाकिटात एक कार्ड हवं, छापील. त्यावर: टीममधल्या दोघांचे नंबर, देशाबाहेरचा एक नंबर, भेटायची जागा, रक्तगट, आणि ‘नेट नसेल तर सकाळी दहा आणि संध्याकाळी सहाला एसएमएस करा: बरा आहे / मदत हवी’ एवढी ओळ. क्लायंटचं नाव त्यावर नको. चौकीवर कार्ड कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

राजकारणाचं काय? ढाक्यात २०२४ मध्ये ऑफिसातल्या मुलामुलींची भावंडं रस्त्यावर होती, काही जण स्वतःही होते. अशा वेळी कंपनीच्या ग्रुपवर कुणाला मत विचारू नये, कुणाचं मत पुण्यातून दुरुस्त तर अजिबात करू नये. ‘सुरक्षित राहा, कामाचं नंतर बघू’ हे वाक्य पाठवायचं आणि नंतर खरंच नंतर बघायचं.

युक्रेन, बेलारूस आणि रशिया या तिन्ही देशांत मोठ्या टीम असलेल्या इपॅम या आयटी कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. युक्रेनमध्ये तिचे १४ हजारांच्या आसपास लोक होते. २८ फेब्रुवारी २०२२ ला कंपनीने वर्षाचे अंदाज मागे घेतले आणि एका दिवसात शेअर ४५ टक्क्यांच्या आसपास कोसळला. कंपनीने युक्रेनमधल्या कर्मचाऱ्यांसाठी १० कोटी डॉलरचा मदतनिधी जाहीर केला, रशियातून अंग काढून घेतलं, भारत आणि लॅटिन अमेरिकेत माणसं वाढवली. त्या वर्षी तिचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा वाढलेलंच होतं. एवढी ताकद प्रत्येकाकडे नसते, पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

पायरी ६: पैसा

आक्रमणाच्याच दिवशी युक्रेनच्या मध्यवर्ती बँकेने रोख रक्कम काढण्यावर दिवसाला एक लाख रिव्नियाची मर्यादा घातली. श्रीलंकेत २०२२ च्या मार्च ते मे दरम्यान डॉलरचा भाव २०० रुपयांवरून ३६० च्या आसपास गेला. पगार कागदावर तेवढाच, बाजारात जवळजवळ निम्मा.

पहिली हालचाल दिसली की पगार लवकर करा. युक्रेनमधल्या अनेक कंपन्यांनी आगाऊ पगार दिले, आणि माणसं टिकण्यामागे ते मोठं कारण होतं असं मला वाटतं. स्थानिक खात्यात दोन पगारांइतकी रक्कम ठेवा, त्याहून जास्त नको. पगार पाठवायचे दोन मार्ग चालू ठेवा आणि दुसऱ्या मार्गाने दर तिमाहीत खरोखर काहीतरी पाठवून बघा. चलन घसरलं तर किती घसरल्यावर काय भरपाई मिळेल, ते आधी ठरवा. घसरल्यावर ठरवायला बसलात की प्रत्येकाशी वेगळी घासाघीस करावी लागते.

पायरी ७: करार आणि विमा

इंग्लिश कायद्यात फोर्स मेजर (हाताबाहेरच्या संकटामुळे कराराच्या जबाबदारीतून सुटका) हे आपोआप मिळणारं संरक्षण नाही, करारात जेवढं लिहिलं तेवढंच मिळतं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३२ आणि ५६ मध्ये आधार आहे, पण काम महाग पडलं किंवा अवघड झालं एवढ्यावर सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग प्रकरणात स्पष्ट केलं. तेव्हा कलमात ‘शासकीय आदेशाने इंटरनेट बंद’, ‘संचारबंदी’, ‘सक्तीची सैन्यभरती’ हे शब्द घाला. काम दुसऱ्या देशातल्या टीमकडे द्यायची परवानगीही आत्ताच मिळवा, कारण डेटा देशाबाहेर नेऊ नये असं कलम बऱ्याच करारांत लपलेलं असतं आणि ऐन वेळी तेच पाय धरतं. आधीच पेटलेल्या देशात नवा करार करताना ‘हे अनपेक्षित होतं’ असं नंतर म्हणता येत नाही.

विम्याच्या साध्या पॉलिसीत युद्ध वगळलेलं असतं. सायबर पॉलिसीतलंही ते कलम शोधून वाचा. बाकी विमा एजंटला विचारा.

पायरी ८: पहिले तीन दिवस

पहिल्या दोन तासांत माणसांची हजेरी, कामाची नाही. त्यानंतर क्लायंटला संदेश. तो असा असावा: ‘आमच्या ६० पैकी ५२ जणांशी संपर्क झाला आहे. सपोर्टचं काम सकाळी ११ पासून पुण्याची टीम बघते आहे. शुक्रवारचं रिलीज पुढे ढकलतो आहोत. पुढचा संदेश संध्याकाळी ५ वाजता.’ आठ जण सापडत नाहीत हे त्यात लपवलेलं नाही. ‘परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत’ हे वाक्य मात्र वगळा, त्याने क्लायंटचा धीर सुटतो. पाच वाजता सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी संदेश गेलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या टीमची शिफ्ट बदला. पहिल्या दिवशी सगळे जोशात जागतात आणि तिसऱ्या दिवशी चुका सुरू होतात. तिसऱ्या दिवशी ठरवा: हे आठवड्याचं प्रकरण आहे की महिन्यांचं? महिन्यांचं असेल तर तात्पुरत्या जोडीदाराला त्या कामावर रीतसर नेमा.

पायरी ९: ड्रिल, आणि तीही खरी

वर्षातून दोनदा, एका कामाच्या दिवशी, सकाळी साडेदहाला एका टीमचं नेट खरंच काढा. क्लायंटला आधी सांगा, टीमला सांगू नका. बाहेरच्या टीमने किती वेळात काम उचललं, कुठला पासवर्ड चालला नाही, कुणाचा नंबर बदललेला निघाला, ते लिहून काढा.

इथल्या कंपन्यांनीही हे करून बघावं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं गेलं होतं. घरून काम करणारी आपली अर्धी मुलं गावाकडूनच लॉगिन करतात.

ड्रिलचा हा कागद विक्रीच्या टीमलाही द्या. युक्रेनची आयटी निर्यात २०२२ मध्ये वाढली आणि २०२३ मध्ये ६.७ अब्ज डॉलरपर्यंत खाली आली. जगभरची मंदी त्यात होतीच, पण हाताशी असलेला क्लायंट संकटात थांबतो आणि नवा क्लायंट नकाशा बघून मागे फिरतो, हेही त्यात दिसतं. नव्या क्लायंटच्या प्रश्नावलीत ‘तुमच्याकडे बीसीपी आहे का?’ असं विचारलेलं असतं. तिथे नुसतं ‘होय’ लिहू नका. मागच्या ड्रिलची तारीख, काम उचलायला लागलेली मिनिटं आणि त्यात सापडलेल्या त्रुटी, तिन्ही जोडा.